केळीचा वाख

त्या वर्षी पाऊस उघडायचं नाव घेईना, आणि रबराच्या झाडांना पानगळीचा रोग लागला. आधी पानांवर तपकिरी ठिपके आले, मग देठासकट हिरवी पानंच खाली यायला लागली. ऐन पावसाळ्यात सगळा उतार उघडाबोडका दिसू लागला.

धाकट्याची झाडं मोजकीच, बापानं वाटणीत दिलेली. पहाटे उठून तो सालीला तिरकी चीर द्यायचा, खाली वाटी अडकवायचा आणि उन्हं चढायच्या आत दुधासारखा चीक गोळा करून आणायचा. आता वाटीत चीक कमी, पावसाचं पाणीच जास्त.

"गाय आटली तर निदान हंबरते तरी," तो बायकोला म्हणाला. "हे झाड बोलतही नाही, मरतही नाही."

"तुमच्यासारखंच आहे म्हणायचं," धाकटी म्हणाली.

तो हसला. बायकोनं टोमणा मारला की हसून मोकळं व्हायचं, ही त्याची जुनी रीत. भांडण त्याला सोसत नसे. वाटणीच्या वेळी थोरल्या भावानं ओढ्याकाठची काळी जमीन घेतली, केळीची बाग घेतली, आणि याला खडकाळ उतार दिला, तेव्हाही तो असाच हसला होता. म्हातारा बाप मात्र वाटणीत धाकट्याकडेच आला. त्याच्यावर कुणी हक्क सांगितला नाही.

दुपारनंतर धाकटा गावाबाहेरच्या रबराच्या शेडमध्ये रोलवर काम करायचा. शेडमध्ये जनावरांच्या गोठ्यात अंथरायच्या चटया बनत. दोन पोलादी रोल एकमेकांना भिडून उलटसुलट फिरायचे, त्यांच्या फटीत रबर टाकायचं, ते मऊ होऊन रोलला कातड्यासारखं गुंडाळलं की वरून गंधक आणि काजळी शिंपडायची, मग कापून पुन्हा फटीत सोडायचं, आणि शेवटी गरम साच्यात दाबून चटई काढायची. शेडच्या मालकाला सगळे नुसतं मालक म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण चिकट होता. "रबराच्या धंद्यात आयुष्य गेलं, दुसरं काय होणार!" असं धाकटी म्हणायची.

चीक आटला तसा मालकाचा जीव कासावीस झाला. रबर नाही तर चटया कशाच्या करायच्या? त्यानं कुठून तरी ऐकलं होतं की रबरात झाडपाल्याच्या टाकाऊ भागातला धागा मिसळला तर रबर कमी लागतं आणि माल वर ताठही होतो. त्यानं आधी लाकडाचा भुसा घालून पाहिला. चटई साच्यातून निघाली तीच पापडासारखी मोडत.

"भुशाला पकड नाही," धाकट्यानं घरी येऊन सांगितलं. "मालक म्हणतात, लांब धागा पाहिजे. चिवट. आणि फुकटात पाहिजे."

धाकटी तेव्हा अंगणात केळीचा वाख, म्हणजे खांबातला धागा, वळत बसली होती. गावात तिला दोरवाली म्हणत ते यासाठीच. थोरल्याच्या बागेत घड उतरला की केळीचा खांब तोडून आडवा पाडायचे. ते पडलेले खांब कुजत, त्यांच्यावर माश्या घोंगावत, पाय घसरत. थोरल्यालाच त्यांचा वैताग होता. "ने बाई, ने सगळे, माझं रान मोकळं कर," असं तो म्हणायचा. ती खांब डोक्यावर वाहून आणायची, एकावर एक बसलेली सोपटं सुटी करायची, फळीवर ताणून बोथट पात्यानं खरवडायची. लगदा निघून गेला की खाली पांढरा, चकाकणारा वाख राहायचा. केळीच्या पाण्याचे काळे डाग तिच्या कपड्यांवर, बोटांवर, नखांच्या कडांना कायमचे बसले होते. त्या वाखाचे ती जनावरं बांधायचे दोर करायची.

तिनं हातातला वाख नवऱ्यापुढे धरला. "हा चालेल का विचारा. चिवट आहे. आणि फुकटातही आहे, माझी पाठ सोडली तर."

पहिला घाणा फसला. वाख बोटाच्या पेराएवढा कापून रबरात मिसळला, चटई दाबली, थंड केली; मालकानं ती फाडून पाहिली तर लोण्यातून केस ओढावा तसा वाख रबरातून सळसळत बाहेर आला. मालकानं पुन्हा कुठे कुठे विचारपूस केली आणि कॉस्टिक सोड्याचं पोतं घेऊन आला. धाग्यावर झाडाचा डिंक असतो, तो कॉस्टिकच्या पाण्यात धुऊन काढला की रबर धाग्याला धरतं, असं त्याला कळलं होतं.

"हातमोजे?" धाकटीनं विचारलं.

"आणतो, आणतो," मालक म्हणाला. "तोवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांध."

पिशव्या पहिल्याच दिवशी फाटल्या. कॉस्टिकचं पाणी हाताला आधी साबणासारखं गुळगुळीत लागतं, बरं वाटतं. मग रात्री आग सुरू होते. ती भाकरीच्या पिठात हात घालू शकेना. बोटांची सालं निघाली, खाली गुलाबी, ओली कातडी दिसू लागली. धाकटा रोज संध्याकाळी तिच्या हातांवर तेल चोळायचा आणि दर वेळी म्हणायचा, "राहू दे हे काम." ती म्हणायची, "मग खायचं काय? पानगळ?"

पण यावेळी चटई जमली. मालकानं आणि धाकट्यानं दोन टोकं धरून ओढली, मालक तिच्यावर उड्या मारू लागला, कडेला चाकूनं चीर देऊन पुन्हा ओढली. चीर पुढे जाईना. वाख तुटत होता, पण निसटत नव्हता. मालकाच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्याशी येऊन लोंबत होता, तो पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"दोरवाली," तो म्हणाला, "जेवढा देशील तेवढा घेतो."

बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव फळतं म्हणतात. धाकटीच्या घराचं फळलं. सकाळी खांब वाहायचे, दुपारी खरवडायचे, संध्याकाळी वाख कॉस्टिकमधून काढून साध्या पाण्यात खळखळून धुवायचा, दोरीवर वाळत घालायचा. तिच्या मानेत गाठ आली, खांद्याला घट्टा पडला. पण छपरावर नवे पत्रे चढले, म्हाताऱ्याच्या खोलीतली गळती थांबली. मालकानं खरोखरीचे हातमोजेही आणून दिले, एका हाताचे दोन. ती एक उलटा घालायची. अंगणात वाळणाऱ्या वाखाकडे पाहून म्हातारा म्हणायचा, "घरात जणू पिकल्या केसांच्या म्हाताऱ्या राहायला आल्यात."

थोरल्याच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. पत्रे लांबून दिसतात.

एके सकाळी धाकटी बागेत गेली तर आडवे पडलेले खांब एका बाजूला रचून ठेवलेले, आणि थोरला तिथंच दगडावर बसलेला. त्याचे पाय चिखलानं भरलेले होते, हातात कोयता होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"आजपासून खांब नेऊ नकोस," तो म्हणाला.

"का बरं, भावजी? रान मोकळं व्हायला नको?"

"करतो मी मोकळं. खांब कुजला की त्याचं खत होतं. इतकी वर्षं माझ्या जमिनीचं खत तुझ्या अंगणात गेलं, मी कधी बोललो?"

"खत! तुम्हीच म्हणत होता, माश्या होतात, घेऊन जा. मी तुमचं रान झाडून देत होते, त्याची मजुरी मी कधी मागितली?"

"मागायची होतीस. कुणी अडवलं होतं?"

ती हसली. "म्हणजे कचरा होता तोवर माझा, आणि धागा झाला की तुमचा?"

"झाड माझ्या जमिनीत उगवतं," थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "या वर्षी भाव पडला. घड झाडावर पिकून फुटले, न्यायला गाडी आली नाही. मलाही घर आहे. मी चोरी करतोय का? माझंच मी घेतोय."

ती मोकळ्या हातांनी घरी आली. डोक्यावर ओझं नव्हतं, तरी पाय उचलत नव्हते.

संध्याकाळी तिनं म्हाताऱ्याच्या कानाशी बसून सगळं सांगितलं. म्हाताऱ्याला हवं तेवढंच ऐकू यायचं. पण यावेळी त्यानं ऐकलं. थोरल्याला बोलावून आण म्हणाला. थोरला आला, त्याच्या मागून त्याची बायकोही आली. ही थोरली अंगानं भरलेली, बोलायला गोड. धाकटीला ती कधी वेडंवाकडं बोलली नव्हती, आणि कधी तिच्या घरात पाणी प्यायलीही नव्हती. आजही ती उंबऱ्याशी उभी राहिली.

"आबा, तुम्ही सांगा," थोरला म्हणाला. "तुम्ही सांगाल ते मान्य."

म्हाताऱ्यानं डोक्यावरच्या नव्या पत्र्याकडे पाहिलं. मग थोरल्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"जमीन ज्याची, झाड त्याचं," शेवटी तो म्हणाला.

"मामंजी, आणि राबणं?" धाकटी म्हणाली. "हा धागा कुणी काढला? हे हात बघा माझे."

"बघतोय की. रोज बघतो." म्हातारा तिच्याकडे न बघता म्हणाला. "पण मी जमीन वाटली, पोरी. हात कुणाला वाटून दिले नाहीत."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. धाकटा भिंतीला टेकून बसला होता. त्यानं तोंड उघडलं, भावाकडे पाहिलं, आणि ओशाळवाणं हसला.

सगळे गेल्यावर तिनं म्हाताऱ्याचं ताट वाढलं. भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवताना तिचा हात जरा जोरात आपटला, एवढंच. म्हातारा जेवता जेवता हळूच म्हणाला, "तू मला टाकणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. त्याचं तसं नाही. उद्या मी पडलो तर मातीला तरी त्यानं यायला पाहिजे." चांगुलपणाचं हे असं असतं, जो धरून राहतो त्याचीच मान धरतात, असं तिला वाटलं.

ती हार मानणारी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती गावोगाव फिरली. ज्या बागांमधून खांब ओढ्यात ढकलून देत होते, तिथं आता लोक तिला पाहताच खांबांवर बसत. "काय देणार?" हा पहिला प्रश्न. एकानं तर सरळ सांगितलं, "तुझ्या दिराशी बोलणं झालंय आमचं. तो यंत्र आणतोय." एका बागेत तिला चार सडके खांब मिळाले. ते लांबून वाहून आणताना एक मधेच फुटला आणि घाण पाणी तिच्या मानेवरून पाठीत उतरलं. वाटेत भेटलेल्या बायका पदराआड हसल्या. घरी येऊन खरवडलं तर वाख कुजून काळा पडलेला. हाताला येताच तुटायचा.

यंत्र आलं. थोरल्यानं बागेच्या कडेला छप्पर घालून ते बसवलं. सोपट एका तोंडातून आत सरकवायचं, फिरणाऱ्या पात्यांनी लगदा उडायचा, आणि बाहेर ओढलं की हातात वाख. दिवसभर त्याची घरघर धाकटीच्या अंगणापर्यंत यायची.

ती शेडवर गेली. मालक तिला पाहून उठून उभा राहिला, जे तो एरवी करत नसे. त्यावरूनच तिला काय ते कळलं.

"हे बघ, खोटं कशाला बोलू?" मालकानं थोरल्याकडून आलेली जुडी तिच्या हातात दिली. "तूच सांग."

तिनं वाख बोटांवर घेतला, ताणला, उजेडात धरला. मनातून तिला तो खराब निघायला हवा होता. पण वाख स्वच्छ होता. लांबीला सारखा, कुठं गाठ नाही, कुठं लगदा चिकटलेला नाही. तिनं स्वतःच्या हातानं काढलेल्या वाखापेक्षा तो बरा होता.

"चांगला आहे," ती म्हणाली.

"आहे ना! आणि हवा तेवढा येतो. तुझ्याशी माझं काही वाकडं नाही, दोरवाली. पहिला वाख तुझा, हे मी कुणालाही सांगेन."

"सांगा," ती म्हणाली. "त्यानं पोट भरतं का, तेही विचारून बघा त्यांना."

पलीकडे रोल फिरत होते. धाकटा पाठमोरा उभा राहून भावाचा वाख रबरात सोडत होता. तिचा आवाज त्यानं ऐकला होता. पण त्यानं मान वळवली नाही. रोलवरून नजर काढता येत नाही, हे कारण त्याला त्या दिवशी फार उपयोगी पडलं.

मग ती पुन्हा दोर वळायला बसली, पण दोराला वाख कुठला? म्हाताऱ्याची जुनी पोती उसवून तिनं सुतळी काढली. रबराची झाडं पाऊस थांबल्यावर फुटली, तरी चीक पहिल्यासारखा येईना. घर धाकट्याच्या शेडमधल्या कामावर येऊन टेकलं.

अशात एका दुपारी थोरली आली. उंबरा ओलांडून आत आली. दोन्ही हात कोपरापासून पुढे ओल्या फडक्यात गुंडाळलेले, चेहरा पांढराफटक.

"धाकटे, हे बघ गं काय झालंय."

फडकं सोडलं तर हात भाजल्यासारखे सुजले होते, मनगटावर फोड उठून फुटले होते. वाख धुवायचं काम थोरल्यानं बायकोवर टाकलं होतं. पाणी गुळगुळीत लागलं, बरं वाटलं, म्हणून ती सकाळभर मोजे काढून धूत राहिली.

क्षणभर धाकटीच्या मनाला गोड वाटून गेलं. मग तिनं थोरलीला विहिरीपाशी ओढत नेलं आणि तिच्या हातांवर पोहऱ्यामागून पोहरा ओतत राहिली. थोरली लहान पोरीसारखी रडत होती. हात पुरते निवल्यावर धाकटीनं स्वतःच्या हातांसाठी आणलेलं मलम काढून हलक्या हातानं लावलं, स्वच्छ कपड्यात सैल बांधलं, आणि पाणी पाजलं. थोरली पहिल्यांदाच तिच्या घरचं पाणी प्यायली.

"तू हे एवढे दिवस कसं सोसलंस गं?" थोरली म्हणाली. "आणि कधी बोललीही नाहीस."

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. धाकटी थोरलीशेजारी जमिनीवर बसली. दोघी जावा पहिल्यांदाच अशा खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. बाहेर म्हातारा खोकत होता.

"मी यांना सांगितलं," थोरली हुंदका आवरून म्हणाली, "मला हे नाही जमायचं. धाकटीलाच बोलवा. तिच्या हातांना सवय आहे."

धाकटीनं खांदा बाजूला घेतला. तेवढंच तिनं केलं.

संध्याकाळी नवरा आला तो हात-पाय न धुताच तिच्यासमोर बसला. "दादा शेडवर आला होता," तो म्हणाला. "धुणं अडलंय. वाख आला नाही तर मालक रोल बंद ठेवणार. मग मीही घरीच. दादा म्हणाला, तुला रोजची मजुरी देईन. सावलीत काम आहे. मी हो म्हणून आलोय."

"हात माझे, आणि हो तुम्ही म्हणालात?"

यावेळी तो हसला नाही. खाली मान घालून बसला, आणि त्याची मान मागून इतकी बारीक, इतकी काळवंडलेली दिसली की तिनं उठून त्याला हात-पाय धुवायला पाणी आणून ठेवलं.

सकाळी ती गेली. बागेच्या कडेला सिमेंटच्या टाक्या बांधल्या होत्या, एक कॉस्टिकची, बाकीच्या साध्या पाण्याच्या. यंत्र घरघरत होतं. थोरला तिला काय करायचं ते सांगायला लागला, मग स्वतःच थबकला आणि यंत्राकडे निघून गेला. थोरली बांधलेले हात मांडीवर ठेवून केळीच्या सावलीत बसली होती.

धाकटी येतानाच मनाशी ठरवून आली होती. वाख पुरता धुवायचाच नाही. कॉस्टिक तसंच राहिलं की गरम साच्यात चटईला फोड येतील, कडा सुटतील, गाड्या भरभरून माल परत येईल. बोल थोरल्याला लागेल. तिला कोण विचारणार? ती तर सांगकामी.

तिनं पहिला भारा कॉस्टिकमधून काढला, पाण्यात दोनदा बुचकळला आणि वर घेतला. वाख बोटांत अजून साबणासारखा निसटत होता. एरवी तो दोन बोटांत ओढल्यावर चरचर वाजेपर्यंत ती धुवायची. आता तिनं तसाच पिळला आणि दोरीवर नेऊन टाकला. कुणी पाहिलं नाही. दुसरा भारा घ्यायला ती वळली.

आणि वळता वळता तिला पुढचं सगळं दिसलं. हा वाख वाळणार, भारे बांधून शेडवर जाणार. तिथं भारा सोडणार धाकटा. रोलवर मोजे घालता येत नाहीत. मोजा फटीत अडकला की हात त्याच्यामागून जातो, म्हणून तो उघड्या हातांनी मुठी भरभरून वाख पिंजणार, घामानं ओल्या हातांनी. आणि रोलच्या धगीनं डोळ्यांत घाम उतरला की त्याच हातांनी डोळे पुसणार. दिवसातून कितीदा तरी पुसतो. थोरल्याच्या घरापर्यंत तिचा सूड पोचायच्या आधी तो तिच्याच नवऱ्याच्या डोळ्यांत जाणार होता.

ती तशीच उभी राहिली. दोरीवरून पाणी ठिबकत होतं. मग तिनं तो भारा ओढून खाली घेतला आणि पुन्हा टाकीत टाकला.

"काय गं, झाला होता ना तो?" सावलीतून थोरलीनं विचारलं.

"नव्हता झाला."

"किती घोळत बसशील एकेका भाऱ्यावर! दुपारच्या आत सगळा ढीग संपवायचा म्हणून सांगून गेलेत."

"संपवते," धाकटी म्हणाली. गार पाणी बोटांच्या भेगांत शिरलं तसा तिनं खालचा ओठ दाताखाली धरला, आणि वाख चरचर वाजेपर्यंत धूत राहिली.